आजीचा एक दिवस आणि आजोबांची सत्तर पानं

प्रश्न विचारणारे निपाणीजवळच्या एका गावात शिक्षक आहेत. कादंबरी पहिलीच. ठरवलं होतं ते असं: विडी वळणाऱ्या आजीचा एकच दिवस. पहाटे ओल्या फडक्यातली पानं सोडण्यापासून संध्याकाळी हजार विड्या मोजून देईपर्यंत, बास. आज दीडशे पानं झाली आहेत आणि चाळिसाव्या पानानंतर आजी नावापुरती उरली आहे. मधली सत्तरेक पानं आजोबांची आहेत: मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून चाललेल्या सीमालढ्यातला सत्याग्रह, अटक, तुरुंग. त्यापुढे १९८१ चं तंबाखू आंदोलन सुरू झालंय. ते विचारतात, "मूळ आराखड्याकडे परत फिरू, की कादंबरी नेते तिकडे जाऊ?" शिवाय प्रकाशकाला एका दिवसाच्या कादंबरीचा सारांश देऊन बसलेत, त्याचं काय करायचं?

सर, मागं की पुढं हे नंतर ठरवू. आधी एवढंच शोधा, की कादंबरी नेमकी कुठल्या पानावर वळली आणि त्या दिवशी तुम्ही खरं म्हणजे काय लिहिणार होतात.

बेळगावात बसून बरीच वर्षं मी इतरांची हस्तलिखितं वाचते आहे, थोडंफार स्वतःचंही लिहिते. आराखड्याबरहुकूम पुरी झालेली कादंबरी क्वचित हाती येते. आली की मला पहिली शंका हीच येते, की लिहिता लिहिता या माणसाला नवं काही सापडलंच नाही. तेव्हा ठरलेलं सुटलं म्हणून घाबरू नका. आराखडा आपण करतो तेव्हा आपल्याला त्या माणसांची जेमतेम ओळख असते. शंभर पानं त्यांच्याबरोबर राहिल्यावर तो जसाच्या तसा टिकला तर नवल.

टॉलस्टॉयचं उदाहरण लिहिणाऱ्यांना माहीत असतं, तरी इथं उपयोगाचं आहे म्हणून सांगते. त्याला लिहायचं होतं १८५६ साली सैबेरियाच्या हद्दपारीतून कुटुंबासह परतणाऱ्या एका म्हाताऱ्या बंडखोराबद्दल. तो माणूस कळावा म्हणून तो १८२५ च्या फसलेल्या उठावाकडे गेला. उठाव कळावा म्हणून त्या माणसाच्या तरुणपणाकडे, १८१२ कडे. तिथून आणखी मागं, १८०५ कडे. त्यातून 'युद्ध आणि शांती' झालं, आणि परतलेल्या बंडखोराची कादंबरी काही प्रकरणांपुढे गेलीच नाही. आराखड्याच्या हिशेबानं हे सपशेल भरकटणं. पण प्रत्येक वेळी मागं जायचं कारण एकच होतं: हा माणूस असा का घडला? काळ बदलला, पात्रं बदलली, प्रश्न मात्र हातातून सुटला नाही.

तुमच्या पहिल्या चाळीस पानांतला प्रश्न मला असा दिसतो: हजार विड्यांचा हिशेब रोज पुरा करणाऱ्या बाईच्या वाट्याला तिचं स्वतःचं म्हणून काय येतं? आजोबांच्या सत्तर पानांत हा प्रश्न कुणीच विचारत नाही. तिथं प्रश्न आहे, आजोबा किती धीराचे होते. हा वेगळ्या पुस्तकाचा प्रश्न आहे. आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर पहिल्याच पानावर ठाऊक आहे: खूप.

आता आपल्या भागाबद्दल थोडं परखड बोलते. कुणाला टोचलं तर टोचू दे.

लिहिणारा ठरलेली वाट सोडतो तेव्हा नव्या, अनोळखी जागी जातो असं आपण समजतो. बहुतेक वेळा उलटं होतं. उताराचं पाणी जुन्या ओहळाकडेच धावतं, तसा तो आधीपासून तयार असलेल्या गोष्टीकडे जातो. सीमाभागात ती तयार गोष्ट कुठली ते तुम्हाआम्हाला सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६, हा भाग म्हैसूर राज्यात गेला तो दिवस. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल. जून १९८६ चं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन. २००४ साली महाराष्ट्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. मध्ये दरवर्षीचा १७ जानेवारी, हुतात्म्यांना अभिवादन. या तारखांना आरंभ आहे, चढ आहे, खलनायक आहे आणि न संपणारा शेवटही आहे. कथानक आयतं तयार आहे. लिहिणाऱ्यानं फक्त नावं भरायची.

म्हणून होतं काय, की खानापूरच्या जंगलातल्या गवळी-धनगरांवर सुरू झालेली कादंबरी असो, शहापूर-वडगावच्या विणकरांवरची असो, नाहीतर येळ्ळूरच्या भातशेतीवरची, शंभराव्या पानाच्या आसपास सगळ्यांचे नायक १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत दंडाला काळी फीत बांधून भेटतात. गवळ्याचा वाघ, विणकराचं कर्ज, भाताचा भाव वाटेत कुठंतरी सांडलेला असतो. लढा खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्या फेरीत आमच्या घरची माणसंही चालली आहेत. पण विणकर त्या फेरीत माग बंद ठेवून गेला की रात्री दुप्पट काम काढून गेला, हे ज्या कादंबरीत येत नाही, तिला विणकर नकोच होता. तिला गर्दीतला एक माणूस हवा होता.

याला सीमाभागच लागतो असं नाही. आयती गोष्ट ठिकाणाप्रमाणे बदलते. कुठे ती प्रेमकथेची असते, कुठे शहराकडे गेलेल्या मुलाची. पण आपल्याकडे ती इतकी ठसठशीत आहे की तिची ओढ लवकर लागते आणि उशिरा कळते.

तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, की आजोबांच्या अटकेचा भाग तुम्ही गावाकडच्या एका संमेलनात वाचलात आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर पुढची चाळीस पानं महिनाभरात झाली. हे दोन्ही एकापाठोपाठ झालं हे लक्षात घ्या. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी इथली संमेलनं आपलं मोठं वैभव आहे. सरकारदरबारी मराठीचं काहीही होवो, लोक वर्गणी काढून मांडव घालतात, ग्रंथदिंडी काढतात, दिवसभर बसून ऐकतात. पण मांडवात जे ऐकलं जातं ते तिथल्या तिथं कळावं लागतं. आजीनं पानाच्या शिरा कशा चाचपल्या यावर मांडवात टाळी पडत नाही. अटकेवर पडते. लिहून होत असलेली कादंबरी मांडवात वाचली की पुढची पानं मांडवासाठी लिहिली जातात, आपल्या नकळत. माझा सल्ला घेणाऱ्यांना मी सांगते: कादंबरी चालू असताना मांडवात जुनी कथा वाचा, कविता वाचा, काहीही वाचा, चालू प्रकरण वाचू नका. हाच नियम फोनवरच्या साहित्य ग्रुपांना. तिथं तर अंगठे आणि फुलं लगेच मोजता येतात.

आता त्या वळणाच्या पानाकडे.

एक कोरी वही घ्या. आजवर लिहिलेल्या प्रत्येक प्रकरणाला एक ओळ, जास्त नाही. त्या ओळीत प्रकरणात काय घडतं ते लिहू नका. कुणाला काय हवं होतं आणि शेवटी त्याचं काय झालं, तेवढंच लिहा. सुरुवातीला केलेला आराखडा यावेळी उघडू नका. हा झाला झालेल्या कादंबरीचा आराखडा. तो पुरा झाला की मग जुना शेजारी ठेवा. दोन्ही पहिल्यांदा कुठे वेगळे होतात ती जागा पेन्सिलीनं धरा. फाईल संगणकात असेल तर तारखाही बघा, त्या खोटं बोलत नाहीत. पुष्कळदा वळणाआधी दोन-तीन महिन्यांचा खाडा निघतो. तेव्हा आपण म्हणतो, शाळेच्या परीक्षा होत्या, घरात लग्न होतं. असेलही. पण तिथं जुन्या आराखड्यात पुढचा प्रसंग कुठला होता, हे आधी वाचा.

तुम्ही दोन्ही पाठवलेत म्हणून मी बघू शकले. जुन्या आराखड्यात चाळिसाव्या पानानंतर दुपारचा प्रसंग होता: आजी विड्या घेऊन जाते, मुकादम छाट काढतो, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकतो, शेजारणींसमोर बोलतो, आणि आजी घरी येऊन त्याचा राग कुणावर तरी काढते. कुणावर, ते आराखड्यात मोकळं सोडलंय. तुम्ही तो प्रसंग लिहिला नाहीत. त्याऐवजी आजी दारात उभी असताना भिंतीवरचा आजोबांचा हार घातलेला फोटो आला आणि फोटोतून आपण थेट सत्याग्रहात गेलो.

मला वाटतं, त्या दुपारी आजीनं काय केलं हे तुम्हाला ठाऊक आहे. कदाचित घरातल्या कुणाकडून ऐकलंय, कदाचित तो राग ज्या लेकरावर निघाला ते तुमचेच वडील होते. आपल्या माणसांवर लिहिताना हे फार होतं. लाजेची जागा जवळ आली की लेखणी अभिमानाच्या जागेकडे वळते. आजोबांचा तुरुंग ही सुरक्षित जागा आहे. तिथं घरातलं कुणी दुखावत नाही, उलट भाऊबंद फोन करून अभिनंदन करतात. म्हणून मी त्या सत्तर पानांना भरकटणं म्हणते. ती वाईट लिहिलेली नाहीत. ती एका प्रसंगाला टाळून लिहिलेली आहेत.

भाषेतही हे दिसतं, आणि भाषेची साक्ष मी सगळ्यात जास्त मानते. पहिल्या चाळीस पानांत आजी म्हणते, "छाट काढतोस तर काढ, पर पोरीम्होरं बोलू नगंस." हे वाक्य कुठून आलं ते ऐकू येतं. नव्वदाव्या पानावर आजोबा म्हणतात, "या अन्यायाविरुद्ध सीमावासीयांचा आक्रोश दिल्लीपर्यंत पोहोचलाच पाहिजे." असं तुमचे आजोबा जेवणाच्या ताटावर बोलत असतील, तर मी शब्द मागे घेते. बोलत नसणार. ते वाक्य पत्रकातलं आहे. कानडीही पहा: आधीच्या भागात मुकादम अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलतो, शेजारची बाई उसनं मागताना कानडीत मागते आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मधल्या भागात कानडी बोलतो तो फक्त पोलीस. निपाणीच्या बाजारात एक तास उभं राहिलेल्या माणसाला हे खरं वाटणार नाही. जिथं तुमच्या पात्रांची बोली सपाट झाली, तिथून मागं चार-पाच पानं गेलात की वळणाची जागा हमखास सापडते.

मग १९८१ चं काय? इथं माझं मत वेगळं आहे. तेही आराखड्यात नव्हतं, पण ते मला भरकटणं वाटत नाही. तो शोध आहे. फक्त तुम्ही तो चुकीच्या माणसाच्या हातात दिलात. निपाणीचा तंबाखू विडीचा तंबाखू. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग अडवला, शेवटी पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. तुम्ही हे सगळं आजोबांच्या नजरेतून, दुसरा लढा म्हणून लिहिताय. जरा आजीच्या सुपाशेजारी बसा. ज्या तंबाखूच्या भावासाठी तो शेतकरी रस्त्यावर आहे, त्याच तंबाखूचा जर्दा तिच्या सुपात आहे. शेतकऱ्याला भाव वाढवून मिळाला तर व्यापारी तो कुठून काढणार? हजार विड्यांमागच्या मजुरीतून तर नाही? तिच्या माहेरची माणसं तंबाखू पिकवणारी असतील तर तिनं कुणाच्या बाजूनं असायचं? हे मी कुठं वाचलेलं नाही आणि मांडवात कुणी सांगत नाही. इथं कादंबरी तुम्हाला खरोखर अनोळखी जागी घेऊन गेली होती. तुम्ही मात्र घाईनं मोर्चाच्या पुढे जाऊन उभे राहिलात.

तेव्हा परत फिरू की पुढे जाऊ याला माझं उत्तर: एक दिवस सोडू नका, पण तो दिवस कुठला ते बदला. आत्ता तो कुठल्याच सालातला नाही, कुठलाही एक दिवस आहे. तो एप्रिल १९८१ च्या पहिल्या आठवड्यातला करा. रस्ता अडलेला आहे, गावातली पुरुषमाणसं तिकडे आहेत, पानं मात्र रात्रीच भिजवून ठेवली आहेत, ती वाया घालवता येत नाहीत. आजोबा तुरुंगातून कधीच परत आलेत, आता पन्नाशीकडे झुकलेत, आणि पुन्हा रस्त्यावर जाऊ का करून घुटमळतायत. त्यांचा तुरुंग येऊ दे, पण आजीच्या बाजूनं: ते आत होते तेव्हा घरी किती विड्या वळल्या गेल्या, उचल कुणाकडून घेतली, ती कधी फिटली. सत्तर पानांतली बारा-पंधरा पानं अशी उरतील. आणि छाटेची दुपार याच दिवशी येईल, आता ती टाळता येणार नाही.

ठरलेली चौकट मोडायची नाही आणि आत मात्र हवं तेवढं रमायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. गीतेचे सातशे श्लोक, ज्ञानदेवांच्या सुमारे नऊ हजार ओव्या. तेराव्या अध्यायात गीता ज्ञानाची लक्षणं सांगते आणि याहून उलट ते अज्ञान, एवढ्यावर विषय मिटवते. ज्ञानदेव त्या एवढ्याशा जागेवर थांबतात आणि अज्ञानी माणसाची वर्णनं ओवीमागून ओवी रचत राहतात. विस्तार म्हणाल तर केवढा तरी. पण अध्याय अठराच आणि श्लोकांचा क्रम गीतेचाच. तुमची चौकट पहाट ते संध्याकाळ एवढीच आहे. तिच्या आत तीस वर्षं मावतील.

हे मी सुचवतेय, यावर अडून बसू नका. पण काहीही करा, त्याआधी छाटेचा प्रसंग लिहून काढा. कादंबरीसाठी नाही, वेगळ्या कागदावर. नावं बदला, गाव बदला, हवं तर प्रथमपुरुषी लिहा, त्या मार खाल्लेल्या लेकराच्या तोंडून लिहा. आवडलं नाही तर मला पाठवू नका. तो लिहून झाल्यावर आजोबांची सत्तर पानं पुन्हा वाचा. त्यातलं काय लागतं आणि काय नाही, हे मग मला विचारावं लागणार नाही. आणि तो लिहून झाल्यावरही आजोबाच पुढे यावेत असं मनापासून वाटलं, तर मी हरले म्हणा. मग पहिली चाळीस पानं पाडावी लागतील. कारण वाचकाला पहिल्या वीस पानांत आपण जे कबूल करतो तेच तो शेवटपर्यंत शोधत राहतो. आरंभ आजीचा ठेवून शेवट आजोबांचा केला तर तो फसवल्यासारखा रागावतो, का ते त्याला सांगता येत नाही.

कापलेली पानं फाडू नका. 'आजोबा' नावाची वेगळी फाईल करा, तारीख घालून बंद करा आणि वर्षभर उघडू नका. त्यात एक चांगला लेख नक्की आहे, कदाचित दुसरं पुस्तकही. १७ जानेवारीला वर्तमानपत्रं असलं लेखन मागतच असतात. ते तिथं द्या, मान मिळेल, आणि कादंबरीवरचं त्याचं ओझं उतरेल. पण दिवाळी अंकासाठी कादंबरीतलंच प्रकरण तोडून द्यायचा मोह आवरा. अंकाच्या शब्दमर्यादेत बसवण्यासाठी त्याला केलेला शेवट पुढे कादंबरीतून निघत नाही, हे मी फार जणांच्या बाबतीत पाहिलंय.

राहिला प्रकाशक. याची तुम्ही सगळ्यात जास्त काळजी करताय आणि मला सगळ्यात कमी वाटते. सारांश दिल्यावर कादंबरी बदलते हे त्यांना तुमच्याआधीपासून माहीत आहे. त्यांना राग येतो तो न सांगण्याचा, कारण जाहिरात, मुखपृष्ठ, यादीतला मजकूर हे सगळं सारांशावरून होतं. अजून त्यातलं काही झालेलं दिसत नाही. लगेच पत्र मात्र लिहू नका. आत्ता लिहिलंत तर 'कादंबरी आता सीमालढ्यावर आहे' असं लिहाल, आणि ते छापील यादीत गेलं की तुम्हालाच ते खरं करत बसावं लागेल. छाटेचं प्रकरण झालं की ते सोबत जोडून चार ओळी पाठवा: दिवस तोच एक आहे, साल ठरलं, पानं वाढतील, हस्तलिखित सहा महिने उशिरा देईन. सहा म्हणा, चार म्हणू नका. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतंय.